खुर्चीवरचा निळा गाऊन

सोमवार, ३
पोचले एकदाची! लेकीचं नवं घर छान उजेडाचं आहे. जावयांनी दारातच जाहीर केलं की सासूबाई आल्या, आता पसारा करायची सोय राहिली नाही. नात तीन महिन्यांची; मी तिला चिमणी म्हणते. उद्यापासून लेक दुपारी चार तास कामाला जाणार. एरवी ती अंगावर पाजेल, दुपारची एक बाटली माझ्याकडे. दूध तिचंच, काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं. गरम पाण्यात कोमट करायचं, उकळायचं नाही. उतू घालवू नकोस हं आई, म्हणून हसली. आमच्या मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, रोजनिशीत दिसेल तेवढंच लिहावं. तसंच लिहीन.

मंगळवार, ४
चिमणीनं बाटली थुंकून टाकली. रडून लालबुंद. बाळाचं वजन करायला घरी येतात त्या नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बाळाला आईचा वास हवा असतो. लेकीचा वापरलेला गाऊन खांद्यावर घ्या. निळा घेतला. बाई गं, गटागटा प्यायली! मग गाऊन खुर्चीच्या पाठीवर टाकला.

गुरुवार, ६
गाऊन छातीशी ओला. दोन गोल डाग. लेकीनं तो सोमवारनंतर घातलेला नाही. बाटली कलंडली असेल.

शुक्रवार, ७
दूध कोमट करून आणलं, तर चिमणीचं पोट आधीच टम्म. ओठांच्या कडेला दूध. माझ्या हातातली बाटली भरलेली. बेसिनमध्ये ओतली.

सोमवार, १०
आजही तेच. संध्याकाळी लेकीनं जवळ घेतलं, तर चिमणीनं तोंड फिरवलं. लेकीची छाती दाटून दगड झालीय. बाटलीमुळे तुटली का गं माझ्यापासून, असं विचारून रडली. नर्सबाईंनी वजन केलं. पाव किलो उतरलंय. एवढं पिऊन?

मंगळवार, ११
गाऊन धुतला. वाळला, पण छातीशी ओलाच. चिमणी ना आईचं घेते, ना बाटली. खुर्चीकडे बघून रडते.

बुधवार, १२
गाऊन रिकामा आहे म्हणून कुणीतरी तो भरतंय. मीच घालते. मग तरी बाटली घेईल—

घातला. चिमणी शांत झाली. बाटलीमुळे नाही— छातीशी कोमट ओल. मला दूध येऊन तीस वर्षं झाली. माझी नाही ही.

उजव्या हातानं लिहितेय. डाव्यात चिमणी. डावा ऐकत नाही. बाहीत माझ्या हाताआधीच कुणाचा तरी—

लेक जिना चढतेय. चिमणीला तिच्याकडे देईन. देईनच. डावा घट्ट होतोय— चिमणी रडत नाहीय— लेकी, लवकर, ओढून घे तिला माझ्या—