ऊन दाखवलेली रेकॉर्ड

निशिगंधा,

आईने तुझी रेकॉर्ड गच्चीवर मिरच्यांशेजारी वाळत टाकलेली दिसली, त्या क्षणी माझं डोकंच फिरलं. मी जमवलेल्या जुन्या फ्रेंच लोकगीतांच्या रेकॉर्ड्समध्ये ही एकच तुझी. उद्या तू फ्रान्सला चाललीस, आज ती परत द्यायची होती.

"बुरशी आलेली, म्हणून ऊन दाखवलं," आई म्हणाली. रेकॉर्डचा पापड झालेला. मी ओरडलो.

"त्या पोरीपायी कॉलेज सोडलंस, आता आईला सोड!" तीही कडाडली.

तरी लावून पाहिली. सुई उड्या मारतेय, त्या फ्रेंच गावच्या बायकांचे आवाज हेलकावतायत, पण गाणं थांबत नाहीये.

या पत्रात मी 'सुखाने जा' लिहिणार होतो. नाही जमत. 'जाऊ नकोस' हे तोंडावरच सांगतो. वाकडी रेकॉर्ड काखेत घेतलीय, पत्र इथेच ठेवतोय. निघालो. आता उठून दार ओढून घेईन.

अजून तरी तुझाच,
निहार