आबांवरचं झाड

सांगोला,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय शहाजीदादास,

सोनमचा नमस्कार. वैनी आन पोरगी संस्कृती बऱ्या असतील. आईचे गुडघे तसेच हायत, पण शेरडांमागं जायचं सोडत न्हाई. डाळिंबाला टँकरचं पाणी चालू झालंय. सोलापुरात तुझा टॉवेलचा कारखाना जोरात हाय म्हणालास, बरं वाटलं.

तू रोज झाडाचे फोटो मागतोस, मी पाठवते. लाल फुलांनी नुसतं भरलंय. येणारा-जाणारा थांबून बघतोय.

आबांच्या राखेवर लावायला झाड आणायला आपण सोलापूरच्या नर्सरीत गेलो हुतो. मी शेवगा म्हणत हुते. आबांच्या पाळलेल्या मधमाश्या शेवग्यावरच पडून असायच्या की. पण ह्या झाडाला हिरवं लेबल हुतं, मधमाशीचं चित्र, खाली 'मधमाशीमित्र'. तुझे डोळेच भरून आले. म्हणालास, "सोने, बघ, आबांसाठीच लिहिल्यावानी हाय." शेवग्याला कसलंच लेबल नव्हतं. मग मीबी हेच घेऊ म्हणाले.

दादा, मी फोटो वरून काढते. खालची जमीन दाखवत न्हाई.

खाली माश्या मरून पडतात रे. फुलावर बसतात, खाली पडून गरगर फिरतात आन संपतात. आबांची माश्यांची मोठी पेटी रिकामी झाली. मी नर्सरीत जाऊन भांडले. मालक म्हणाला, "लेबल झाडाच्या जातीचं आहे, ताई. कीड लागू नये म्हणून मुळाशी औषध सगळेच घालतात." ते औषध फुलात उतरतं, हे त्यालाबी ठावं हुतं. किती शांतपणे बोलला मेला! त्याचीच कुंडी त्याच्या डोक्यात घालावी वाटली.

तुझी चूक न्हाई. ते चित्र बघून कुणीबी तेच घेतलं असतं. पण दहाव्याला कावळा शिवत नव्हता, तवा तू हात जोडून म्हणालास, "आबा, तुमच्या माश्या जगवीन," आन लगेच शिवला. तेच मला लई खातंय.

कळ्या खुडून बघितल्या, पुन्हा आल्या. झाड काढायलाच पायजे. आई म्हणती, "हात लावू नगं, माझा माणूस हाय त्यात." काल कुदळ घेऊन गेले. जरा उकरलं, तर मुळांना आबांची राख चिकटलेली. तशीच माती लोटली आन रडत घरी आले.

ये, दादा. तू उपट. मी आईला धरून बसते.

तुझीच,
सोनी