आईच्या चिपाची ओळ

बुएनोस आयरेस
रविवार, ७ ऑगस्ट

सुनिल्दाताई,

पुन्हा खोडलीस ना? तिसऱ्यांदा! नमस्कार-चमत्कार मागाहून, आधी याचं उत्तर दे. इंटरनेटवरच्या विश्वकोशात आपल्या पासो कारांदा गावाचं पान तू सुरू केलंस, मान्य. तू शाळेतली बाई, मी सहावीतून पळालेला. पण मी सबंध पानात एकच ओळ घातली होती : "बसथांब्यावर मिळणारा इसिदोराबाईंचा चिपा (चीज घातलेला पाव) साऱ्या जिल्ह्यात उत्तम." यात खोटं काय? ती तुझी आई नाही का?

आणि चर्चेच्या पानावर, जगासमोर, मला लिहितेस, "आदरणीय सदस्य, हे आपलं वैयक्तिक मत आहे. संदर्भ द्यावा." आदरणीय! माझा शेंबूड पुसलायस तू! मी लिहिलं, "संदर्भ माझं पोट." तर म्हणे, "आपलं पोट प्रकाशित साहित्यात मोडत नाही."

बरं, मग प्रकाशित करून दाखवलं. इथल्या आपल्या पॅराग्वेवाल्यांच्या फुटबॉल क्लबाचं चार पानी मासिक निघतं, त्यात आईच्या चिपावर लेख छापून आणला. लगेच तुझा प्रश्न : "लेखक देर्लिस हे आपल्याच खोलीत राहतात ना?" राहतो! विटा रचणाऱ्याला जीभ नसते का? तो बिचारा माझी बाजू मांडायला चर्चेत उतरला, पण त्याचा रिचार्ज संपलेला, म्हणून माझ्याच मोबाइलवरून. झालं! मेक्सिकोचा कुणी बडा संपादक मध्ये पडला. एकच माणूस दोन नावांनी भांडतोय म्हणाला आणि दोघांना आठवडाभर बंदी घातली. परांचीवर मुकादमाने विचारलं, "काय रे एलादियो, तोंड का पाडलंस? पोरगी सोडून गेली?"

देर्लिस म्हणाला, "नाही हो, विश्वकोशाने हाकललं."

लिहायची बंदी होती, वाचायची नव्हती. म्हणून पानाचा इतिहास काढून बसलो, कुणी काय बदललं आणि का, ते सगळं त्यात असतं. पहिल्या दोन्ही वेळा खोडताना तू कारण दिलंयस, "संदर्भ नाही." या खेपेला लिहिलंयस, "माहिती जुनी झाली."

ताई, जुनी कशी झाली?

फोनवर तू मला काहीही थापा मारशील, पण पानावर खोटं लिहायला तुझा हात धजत नाही, एवढं मला कळतं. आई तर फोनवर सांगते, "नऊच्या आत टोपली रिकामी होते रे." मी विचारतो, आज पीठ किती मळलंस? तर म्हणते, "तिकडे थंडी फार आहे का?" तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही. भट्टी कधीपासून बंद आहे? गुडघे दुखतात की दम लागतो? की भट्टीसमोर चक्कर येऊन पडली?

मी काम टाकून धावत येईन, म्हणून तुम्ही दोघींनी गप्प राहायचं ठरवलंत, हो ना? तुमचं काही चुकलं नाही. माझा पाय कुठे ठरतो? बॅग भरूनही झाली होती. देर्लिसने ती हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "तू जाऊन काय करणार, नाडी बघणार?" शिव्या घातल्या त्याला. पण रात्रभर विचार केला, खरंच मी काय करणार?

तेव्हा नाही येत. या बदल्यात एवढं कर. पानावर लिहितेस तसं कोरडं, खरं खरं कळव. आणि पत्र मिळताच शाळेची रजा काढून तिला काआकुपेच्या मोठ्या डॉक्टरकडे ने. नाही म्हणेल, भांडेल, ऐकू नकोस. तपासणीला कितीही लागो, मागेपुढे पाहू नकोस.

आईला माझा मुका. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

तुझा धाकटा,
एलादियो

देर्लिसच्या मामेभावाच्या हाती पैसे पाठवतोय, मोजून घे. माझ्या तिकिटाचे धरून आठ लाख ग्वारानी.