सतरावी तळटीप

१२ नोव्हेंबर १९७३
आठल्ये मास्तरांच्या टिपा संपल्या. एकशे बारा. आधी लेखक, मग पुस्तक, मग गाव, साल, पान. सगळीकडे तेच. बंगालात येऊन राहिलेल्या मराठी घरांचा इतिहास, वीस वर्षांची मेहनत, आणि मास्तरांची मूळ टीप काय, तर ‘ते निळे पुस्तक, मधले पान’. म्हटलं, "मास्तर, वाचणारा शोधणार कुठे?" तर म्हणतात, "त्यानं बेहालाला माझ्याकडे यावं. चहा देईन."
त्यांचे डोळे अधू, म्हणून काम माझ्याकडे. ह्यांची बदली खिदिरपूरला झाली तेव्हा वाटलं होतं, दिवस कसा जायचा. आता पुरत नाही.

१५ नोव्हें.
एक साल पक्कं करायला बजबजला, गोदूताईंकडे. मास्तरांच्या पुस्तकात त्यांचं घराणं आहे. ट्रंकेतून मोडी पत्र काढलं त्यांनी. "आम्हाला कुणाला वाचता येत नाही गं. बघ, काही उपयोग आहे का." मोडी मला लहानपणी वडिलांनी, अण्णांनी, शिकवलेली, तेव्हा मी किती रडले होते. आज तेच कामी आलं. पत्र त्यांच्या पणजीचं. मास्तर म्हणतात त्याच्या तीस वर्षं आधी हे घर बजबजला नांदत होतं. तारीख तीनदा वाचली. परतीच्या गाडीत एकटीच हसत होते, समोरची बाई जरा सरकून बसली.

१६ नोव्हें.
मास्तरांना पत्र वाचून दाखवलं. तारीख पुन्हा वाचायला लावली. वाटलं, रागावले. मग, "म्हणजे मी चुकलो. झकास. मजकूर जुळून झालाय, तर टिपेत दुरुस्ती घाला. आणि खाली तुमचं नाव."
माझं नाव, पुस्तकात. नको नको म्हटलं, पण एकदाच.

१९ नोव्हें.
छापखान्यात. हा एकच फर्मा, म्हणजे सोळा पानं, आमच्यासाठी थांबवलाय, पुढचे छापूनही झाले. रामशरणजी खिळे जुळवतात, मराठी येत नाही तरी चूक माझ्याआधी दिसते. हिंदी छापखाना, ‘ळ’चे खिळे मोजके. माझी टीप ह्या प्रकरणातली सतरावी; प्रकरण ह्याच फर्म्यात संपतं. प्रूफ घरी आणलं. हे म्हणाले, "चौकट करून लावू या का?" करा चेष्टा. मी आज हवेत आहे.

२१ नोव्हें.
मेले मी. ह्यांनी सहज विचारलं, "तुझ्या टिपेखाली चारदा ‘तत्रैव’ लिहिलंय, ते काय?" म्हटलं, वरचंच पुस्तक, पुन्हा नाव नको म्हणून... आणि बोलता बोलता प्रूफ ओढून घेतलं. वर आता पुस्तक कुठाय? वर माझं पत्र. चारही हवाले त्या बिचाऱ्या पणजीच्या नावावर गेले. प्रकरणातल्या पुढच्या टिपांचे आकडे सगळे आठवणीनं बदलले आणि हे दिसलं नाही. एवढी शिस्तीची मी.

२२ नोव्हें.
पहिल्या ‘तत्रैव’च्या जागी पुस्तकाचं पूर्ण नाव घातलं की खालचे तिन्ही ताळ्यावर येतात. पण नाव मारुतीच्या शेपटाएवढं. रामशरणजी म्हणाले, "दो लाइन बढ़ेगी, बहनजी. पन्ने में जगह कहाँ है?" मग बोटानं सोपा उपाय दाखवला. माझी टीप. ती काढली की सगळं पूर्ववत.
त्यांचं काही चूक नाही. पण मला सोसवेना. नावासाठी? हो, नावासाठीसुद्धा. स्वतःच्या वहीत कशाला खोटं लिहू. पण टीप गेली तर ती तीस वर्षं पुन्हा ट्रंकेत जातील.

२३ नोव्हें.
मास्तरांना सगळं सांगितलं. वाटलं, काढा म्हणतील. म्हणाले, "टीप राहील. माझ्या मजकुरातल्या दोन ओळी उडवा. कुठल्या, ते तुम्हीच ठरवा. मला वाचून दाखवू नका."
घरी आल्यापासून पान वाचतेय. सातवी वेळ. सगळं एकमेकांत गुंतलेलं, एक वाक्य काढलं की पुढचं लंगडतं. दोनच ओळी सुट्या आहेत, मास्तरांनी स्वतःच्या आईबद्दल लिहिलेल्या. त्यांना हवाला नाही, टीप नाही, कुठल्या मुद्द्याला त्या लागतही नाहीत.
‘आई बजबजच्या घाटावर धुणे धुताना मराठी ओव्या म्हणे. ऐकायला आणि समजायला मी एकटाच असे.’
उद्या दहाला फर्मा यंत्रावर चढणार. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.