सुनीताचा प्रोग्रॅम

प्रिय सुनीता,

परवा तुमच्या तांड्यावरून परत आल्यापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. वर्गात शिकवताना मधेच थांबते. तुझ्याशी बोलल्याशिवाय सुटका नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

गेल्या महिन्यात आपल्या हिंगोलीच्या कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले. मी तोऱ्यात पहिला प्रोग्रॅम चालवायला घेतला आणि एररची रांगच लागली! कोनिओ नावाची फाइल सापडत नाही म्हणे. तीच गं, जी मी तुम्हाला प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर लिहायला लावायचे. ती ओळ काढली, तर पडदा पुसणारं क्लिअरस्क्रीन अनोळखी. तेही काढलं, तर कळ दाबेपर्यंत उत्तर पडद्यावर थांबवून ठेवणारं 'गेट-सीएच' अडलं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी पुस्तकं धुंडाळली, तेव्हा कळलं की ह्या तिन्ही गोष्टी प्रोग्रॅम यंत्राला समजावून देणाऱ्या आपल्या जुन्या कम्पायलरच्या घरच्या होत्या. सी भाषेच्या नव्हत्याच!

आणि तू आठवलीस.

ग्रंथालयातलं ते जुनं इंग्रजी पुस्तक तू शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचीस. एकदा भर वर्गात विचारलंस, "मॅडम, ही कोनिओची ओळ काहून लिहाची? पुस्तकात तर न्हाई." मला उत्तर येत नव्हतं. नांदेडच्या क्लासमध्ये मी ती ओळ नुसती पाठ केली होती. "लिहायची म्हणजे लिहायची," असं म्हणून तुला खाली बसवलं. मॅडम असणं किती सोपं असतं ना!

मग बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली. तू त्या तिन्ही ओळी गाळल्यास. उत्तर क्षणभर दिसलं आणि गेलं, पण तू दोन कळा दाबून ते परत पडद्यावर आणलंस. वर आधीच्या मुलीचं उत्तर तसंच पसरलेलं आणि त्याच्या खाली तुझं. बरोबर होतं. मी पाहिलं होतं, सुनीता. तरी म्हणाले, "पद्धत चुकली आहे, परत लिही."

तू आवाज न चढवता म्हणालीस, "मॅडम, माझा कुठंबी चालते. तुमचा निस्ता इथंच चालते."

बाहेरून आलेले परीक्षक हसले. त्या हसण्याचा राग मी तुझ्यावर काढला आणि तुला नापास केलं. एका विषयापायी तुझं वर्ष गेलं, उन्हाळ्यात घरच्यांनी लग्न लावून दिलं. "हुशार होती, पण हट्टी," असं मी सगळ्यांना सांगत फिरले. आता स्वतःचीच लाज वाटते.

नव्या कॉम्प्युटरनं अडवलं त्याच आठवड्यात मी कपाटातून तुझी प्रात्यक्षिकाची वही शोधली आणि तुझा प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला. एकही एरर आली नाही. मी तिथंच खुर्चीत बसून रडले.

हेच तुला सांगायला परवा औंढ्याला उतरून तांड्यावर आले, तर तू नव्हतीस. दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेलीस म्हणे. मला कुणी कळवलं नव्हतं. काय म्हणून कळवायचं?

तुझ्या वडिलांनी खाटेवर बसवलं, चहा दिला. "पोरगी मरेस्तवर म्हणायची," ते सांगत होते, "मॅडम बराबर होत्या, माझंच चुकलं."

का गं असं सांगितलंस? मला पाठीशी घातलंस, की तुला खरंच तसं वाटायला लागलं होतं? तसं वाटायला लागलं असेल, तर मी काय करू?

"आता धाकटीला तुमच्याकडंच टाकतो," ते म्हणाले. "तिला बजावलंय, थोरलीवानी सवाल करायचे न्हाई. मॅडम सांगतील तसंच लिहायचं."

मी कप खाली ठेवला आणि "बरं" म्हणाले. बरं! सगळं कबूल करायला आलेली बाई तोंड शिवून एसटीत जाऊन बसली. एवढी कशाची भीती वाटली मला?

सुनीता, तुला शब्द देते. रविवारी मी परत जाणार आहे. धाकटीला शेजारी बसवून तुझ्या वडिलांना सांगणार आहे की तुमची थोरली बरोबर होती, मला ते तेव्हाच दिसलं होतं आणि तरी मी तिला नापास केलं. त्यानंतर धाकटीला माझ्या हाती द्यायचं की नाही, ते त्यांनीच ठरवावं.

तुझी,
शोभा मॅडम