कप्तानांच्या सासूबाई आणि माझं जहाज

मनिला, मंगळवार

प्रिय एलुतेरियोमामा,

आपल्या रीतीप्रमाणे तुमचा हात इथूनच कपाळाला लावून आशीर्वाद मागतो. गुडघा कसा आहे? तुमचा झुंजीचा कोंबडा यंदा तरी जिंकला, की पुन्हा रश्श्यात गेला?

तुम्ही तीस वर्षं जहाजांवर खलाशांचे सारंग होतात, म्हणून तुमच्याच सल्ल्याने मी फेब्रुवारीत इलोइलो सोडून इथे आलो आणि बागेसमोरच्या त्या फुटपाथवर उभा राहिलो, जिथे परदेशी जहाजांना खलाशी पुरवणारे दलाल गळ्यात पाट्या अडकवून फिरतात. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘खलाशी हवेत’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘अनुभवी’. जहाजावर गेल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय जहाज नाही. (हा नियम ज्याने काढला त्याला मी एक दिवस भर चौकात जाब विचारणार आहे.) यातून वाट एकच: दलालाच्या कचेरीत बिनपगारी राबायचं, साहेब खूश झाले की ते जहाजावर चढवतात. तसा मी दलाल कप्तान बाल्तासार यांच्याकडे आठ महिने राबतोय. त्यांचे सदरे इस्त्री करतो, दुपारचा भात-मासा आणतो, आणि रोज सकाळी सहाला त्यांच्या सासूबाईंना, दोन्या (म्हणजे बाईसाहेब) पेर्पेतुआंना, छत्री धरून चर्चला नेतो. “हळू चाल रे मेल्या,” त्या रोज म्हणतात, “तुला काय जहाज पकडायचंय?” मामा, हे ऐकून माझ्या काळजाचं काय होत असेल!

गेल्या गुरुवारी माझा संयम संपला. चहाच्या खोलीत खुर्चीवर चढून मी भाषण ठोकलं. जगाचं धान्य आणि तेल ज्या हातांनी समुद्र ओलांडतं, त्या हातांनी दुसऱ्याचे सदरे का इस्त्री करावेत? श्रमाला दाम नसेल तर तो श्रम नव्हे, वेठ आहे! माझ्यासारख्याच सहा बिनपगारींनी टाळ्या वाजवल्या आणि एकदम थांबवल्या. दारात कप्तान होते, शेजारी एक ग्रीक जहाजमालक.

“उतर खाली,” कप्तान म्हणाले. मी ताठ मानेने उतरलो. (खुर्चीचा एक पाय लंगडा असल्याने शेवटी जरा आडवा उतरलो.)

ग्रीकाला आपली भाषा येत नाही. तो विचारू लागला, हा एवढा ओरडतोय कशासाठी? कप्तान घाम पुसत म्हणाले, “साहेब, याला समुद्रावर जायची फार ओढ आहे.”

“मग घ्या की!” ग्रीक म्हणाला. “माझ्या जहाजावरचा स्वयंपाकी एकटाच बोलत बसतो. त्याला असाच जोडीदार हवा.”

तर मामा, स्वयंपाकघरात मदतनीस, दहा महिने, वीस तारखेला बातांगासहून जहाज सुटतं! आईला सांगा, पोरगा उपाशी राहणार नाही. तुम्ही पाहिलेली बंदरं आता मीही पाहीन.

तुमचा भाचा,
नेमेसियो

ता. क. करारावर कप्तानांची सही तेवढी व्हायची आहे. ते म्हणतात, “आधी सासूबाईंची सोय लाव, मग खुशाल जगभर फीर.” त्यांना माझ्या जागी वयस्क, देवभोळा, चार देश पाहिलेला माणूस हवाय. तुम्ही विधुर आहात, चर्चला रोज जाताच. पगार नाही. (वेठीबद्दलचं माझं मत कायम आहे, त्यावर जहाजावरून सविस्तर लिहीन.)

पुन्हा ता. क. दोन्या पेर्पेतुआंना तुमचा फोटो दाखवला. पसंत पडलात. फोटो तुमच्या पस्तिशीतला, गणवेशातला होता, तेव्हा शुक्रवारच्या बोटीने येताना केस काळे करून या.