दांड्याचं माप

तीर्थरूप बाबा,

उभ्यानेच नमस्कार करतो. कंबर सध्या वाकायला तयार नाही.

कुरणातली घोड्यांची लीद उचलायला मालकांनी नवी दाताळी आणली, पण सगळ्यांचे दांडे जेमतेम माझ्या कमरेपर्यंत! मग मी तुमच्या मापाने, हनुवटीला लागेल एवढा दांडा तासून बसवला. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "भिंतीवर हा एकटाच लांब दिसतो," आणि सरळ करवत चालवली. आता काय म्हणावं या माणसाला?

मी दुसरा केलाय. तो लिदीच्या ढिगात लपवतो. तिकडे मालक नाक दाबूनसुद्धा फिरकत नाहीत.

तुमचे गुडघे कसे आहेत? आईला कमरेचं सांगू नका. दांडा तुमच्या मापाचा आहे, एवढंच सांगा.

तुमचा लेक